दाराकडे पाठ केलेला ऑटो

थंडीत लखनचा ऑटो एका किल्लीत कधी सुरू झाला नाही. आधी घसा खाकरल्यासारखा करायचा, गप्प व्हायचा, पुन्हा खाकरायचा, आणि घरातल्या सगळ्यांचा जीव त्याच्यात अडकला की मग एकदम धडधडायला लागायचा. त्या सकाळीही तो तसाच धडधडला. आत भाकर थापत बसलेल्या त्याच्या आईने, रुख्मिणीबाईंनी, पिठाच्या डब्यावर झाकण ओढलं. पिठावर काळं बसायला नको, एवढीच तेव्हा त्यांची काळजी होती.

ऑटो अंगणात उलटा लावलेला असायचा. तोंड सडकेकडे, पाठ घराकडे, सायलेन्सर नेमका पुढच्या दारासमोर. लखन बसल्या जागी रेस द्यायचा आणि धुराचा काळपट लोट उंबरा ओलांडून आत यायचा. त्याची बायको चंदा दाराच्या दोन्ही फळ्या उघड्या धरून उभी राहायची. धूर खाटेखाली, कणगीमागे, दोरीवरच्या कपड्यांत पुरता शिरला की ती दार लावून घ्यायची आणि म्हणायची, "मुरू द्या थोडा." जसं काही लोणचंच घातलंय.

दार लागलं आणि लगेच त्याच्यावर थाप पडली.

चंदाने उघडलं तर मयूरी उभी. गावातलीच पोर, बारावी शिकलेली, आता आशा कार्यकर्ती. घरोघर फिरून गोळ्या देते, बाळंतिणींची चौकशी करते. आत पाऊल टाकता टाकता ती मागे सरली आणि तिने ओढणी नाकाला लावली.

"अवं चंदा, घरात काय जाळून राह्यले तुमी?"

"जाळत काई नाई. मच्छर मारून राह्यलो."

"मच्छर मरतील का मी?"

बाहेरून लखन हसला. "मयूरीबाई, पंचायतीची धुराची मशीन सालात एक डाव येते. आमच्या घरी रोज दोन डाव येते. सकाळी अन् दिवे लागले का."

"पंचायतीच्या मशीनमधी औषध असते, भाऊ."

"असते ना. डिझेलमधी कालवलेलं असते. मले त्या मशीनवाल्यानंच सांगतलं. औषध चिमूटभर अन् बाकी समदं डिझेल. मंग तूच सांग, काम कोन करते? चिमूट का बालटी?"

मयूरीच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, ते तिने आधी पुसलं. मग विचारलं, "तुमाले सरकारी मच्छरदान्या भेटल्या होत्या, त्या कुठं हायेत?"

"कोंबडीच्या पिलांवर," चंदा म्हणाली. "मांजर लय झालं व इकडं."

मयूरी खरं तर खोकल्याची विचारपूस करायला आली होती. दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेलं कोणी घरात असेल तर त्याला तपासायला पाठवायचं, असं तिला वरून सांगितलेलं. तिने तसं विचारलं. चंदाने स्वयंपाकघराकडे बघितलं. तेवढ्यात आतून खोकल्याची उबळ आली. ती लवकर थांबेना, आणि मग कोणाला उत्तर द्यायची गरज उरली नाही.

रुख्मिणीबाई पदराने तोंड पुसत दाराशी आल्या. "टीबी म्हनतं का मले, पोरी?"

"मी कायले म्हनू, मावशी. तपासून घ्या म्हनते."

"तपासते. पन मले सांग, तसं निघालं तं ही माह्या कुशीत झोपू शकन का नाई?"

"ही" म्हणजे पाच वर्षांची भाग्यलक्ष्मी, लखनची लेक. ती आजीच्या लुगड्याच्या निऱ्या धरून मागे उभी होती. जन्मल्यापासून ती आजीच्याच अंगाशी झोपत आलेली.

मयूरी म्हणाली, "औषध सुरू झालं का काई दिवस दूर ठेवा लागते."

रुख्मिणीबाईंनी मान हलवली आणि तव्यावरची भाकर उलटायला आत गेल्या. ती एका बाजूने करपली होती.

*

रुख्मिणीबाई या गावात ओळखल्या जात त्या त्यांच्या हाळीसाठी. कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी त्यांच्या शब्दावर चालायची. सीझनला पहाटे त्या चावडीच्या ओट्यावर उभ्या राहायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि एक लांब "चला वोऽऽऽ" द्यायच्या. ती हाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. कोणाची न्याहारी अर्धी राहायची, कोणी वेणी घालता घालता निघायची. शेतमालक म्हणायचे, बाईच्या छातीत भाताच लावलाय लोहाराचा. माहेर पैनगंगेच्या पलीकडचं, यवतमाळच्या बाजूचं. लग्न होऊन आदिलाबादजवळच्या या गावात आल्या तेव्हा इथलं तेलुगू एक अक्षर कळत नव्हतं. पण हाळीला भाषा लागत नाही. तेलुगू बायाही त्यांच्या टोळीत आल्या आणि त्यांना "रुक्कमा" म्हणू लागल्या.

पुढे मोबाईल आले, तरी बाया म्हणायच्या, फोन वाजला तर वाजू द्या, आम्ही रुक्कमाच्या आवाजाशिवाय उठत नाही. लखनने ऑटो घेतला तो या टोळीच्याच भरवशावर. सकाळी बायांना शेतावर सोडायचं, मग सवाऱ्या घेऊन आदिलाबादला. माय हाळी द्यायची, लेक हॉर्न द्यायचा.

मागच्या सीझनला मधेच हाळी तुटायला लागली. "चला" निघायचं, "वो" पोचायचं नाही. बाया हसल्या, म्हणाल्या, रुक्कमा म्हातारी झाली. रुख्मिणीबाईही हसल्या. यंदाच्या सीझनला त्या ओट्यावर गेल्याच नाहीत. टोळीचं चंदा फोनवर बघते.

घरात मच्छरांचं एवढं का, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी विचारत नसे. दोन वर्षांमागे नवरात्रात लखन आणि चंदा भाग्याला अक्षराभ्यासासाठी बासरला घेऊन गेले. सरस्वतीसमोर पोरीच्या बोटाने पाटीवर अक्षर गिरवून घ्यायचं, ही इकडची हौस. रुख्मिणीबाईंचे मालक, डोमाजी, यांना आदल्या दिवसापासून कसकस होती. लखन म्हणाला, पुढच्या साली जाऊ. डोमाजींनीच त्याला ढकलून काढलं. "पोरीचं अक्षर माह्या तापासाठी कायले थांबवतं? जा." गोदावरीच्या काठी पोरगी रमली, म्हणून ते एक मुक्काम जास्त राहिले. इकडे ताप चढला. रुख्मिणीबाईंनी काढे दिले, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. लखन येऊन त्यांना दवाखान्यात घेऊन गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, डेंग्यू आहे, उशीर झाला.

तेरावं झाल्यावर लखनने बोलून काही दाखवलं नाही. फक्त ऑटो अंगणात उलटा लावायला लागला.

आणि धुराचं कोणाला वावडं होतं? याच घरात बाळंतिणीला ओव्याची धुरी दिली होती, गोठ्यात कडुनिंबाचा पाला जाळला होता. धूर म्हणजे औषध, हे रुख्मिणीबाई लहानपणापासून बघत आल्या होत्या. लेक बापासाठी करतोय, करू द्या. सकाळी उठल्याबरोबर डोकं धरायचं, मळमळायचं. त्या म्हणायच्या, पित्त वाढलं.

*

लखननेच त्यांना आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मार्केट यार्डाच्या अलीकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, ट्रॅक्टर, टेम्पो, मोठे ट्रक, सगळे इंजिन सुरू ठेवून उभे. बंद केलं तर थंडीत पुन्हा सुरू होणार नाही, ही प्रत्येकाला धास्ती. लखनही त्याच रांगेत अडकला. एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने तो छाती चोळत होता. रुख्मिणीबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"काई नाई. डायवर लोकायले खोकला असतेच, माय."

थुंकी तपासून झाली, छातीचा फोटो काढून झाला. दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. लखन ऑटो उभा करायला जागा शोधत बाहेरच राहिला आणि रुख्मिणीबाई एकट्या आत गेल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तेलुगू हिंदीत कालवून बोलायच्या.

"अम्मा, टीबी नहीं है."

रुख्मिणीबाईंनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यासमोर भाग्याची गोधडी आली. पण डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला नाही. त्यांनी एक नळी दिली आणि जोरात फुंकायला सांगितलं. रुख्मिणीबाईंनी श्वास भरला तो गावाला हाळी द्यायची म्हणूनच. नळीतला काटा थोडासा सरकला आणि थांबला. पुन्हा फुंकलं. तेवढाच.

"चूल्हे पे पकाते क्या घर में?"

"नाई. ग्यास हाये."

"बीडी? तंबाकू का चुट्टा?"

रुख्मिणीबाईंनी कानाला हात लावला.

"फिर ये पोगा किधर से आया, अम्मा?" डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या छातीकडे बोट केलं. "इतना पोगा रोज किधर से आता?"

पोगा म्हणजे धूर. रुख्मिणीबाईंना आता तेलुगू चांगलं कळत होतं. त्यांनी सांगितलं. दारासमोरचा ऑटो, सकाळ-संध्याकाळ, दार लावून मुरवणं, सगळं. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला, कारण समोरच्या बाईचा चेहरा बदलत चालला होता.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्यांनी समजेल असं सांगितलं. लाकडाचा धूरही वाईटच, पण डिझेलच्या धुरातली काजळी इतकी बारीक असते की नाकात अडकत नाही, घशात अडकत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. तिथून रक्तात उतरते, हृदयालाही त्रास देते. थंड इंजिन सुरू केल्याबरोबरचा धूर सगळ्यांत वाईट. बंद घरात तो कोंडला तर आणखीच. पंचायतीच्या मशीनमध्ये मच्छर मारतं ते औषध. डिझेल त्याला नुसतं वाहून नेतं.

"जे आत गेलं ते निघत नाई का?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

"जो बिगडा वो पूरा ठीक नहीं होता. पर बंद किया तो वहीं रुकेगा." मग त्यांनी आणखी विचारलं, "घर में छोटा कोई है?"

"नात हाये."

"छोटे बच्चे हम से जल्दी-जल्दी सांस लेते, अम्मा. उनको पहले होता."

बाहेर लखन बाकावर बसला होता. मायला बघून तो उठला. "काय म्हनते?"

त्याचं तोंड सुकलं होतं. दोन वर्षांमागे याच बाकावर तो बापासाठी बसला होता. रुख्मिणीबाईंना शब्द जुळवायचे होते, पण तोंडातून निघाले ते दुसरेच.

"टीबी नाई म्हने. थंडीचा खोकला हाये. हे तोंडात ओढायचं औषध देलं."

लखनने डोळे मिटून श्वास सोडला. मग मायच्या हातातली पिशवी घेतली आणि वाटेत तिला गरम मिरची भजी खाऊ घातली. ती त्यांनी खाल्ली.

*

त्यानंतर त्यांनी आपल्या परीने करून बघितलं. ऑटो खाकरू लागला की त्या भाग्याचा हात धरून परसात जायच्या. कधी तुळशीला पाणी घालायचं निमित्त, कधी कोंबड्यांचं. थंडी अशी की तोंडातून वाफ निघायची. पण काही दिवसांतच लखनच्या ते ध्यानात आलं.

"माय, पोरीले घेऊन अंधाऱ्यात परसात काऊन जातं? मच्छर तिकडंच असते ना."

"जरा हवा पायजे मले."

"हवा?" त्याने परसदाराकडे बघितलं. "बापालेही हवाच पायजे होती. बाहेर खाट टाकून झोपे. पाह्यलं ना काय झालं."

मग त्याने परसदाराला आतून कडी घातली. मायची आणि लेकीची गोधडी स्वतःच्या हाताने नीट केली, त्यांना आत बसवलं, आणि बाहेर जाऊन ऑटो सुरू केला. रुख्मिणीबाई अंधारात पोरीच्या नाकावर पदर धरून बसल्या. त्यांना कडी काढता येत नव्हती असं नाही. पण ती काढायची तर का काढली ते सांगावं लागणार होतं. बापाच्या वेळी मी नव्हतो, हे लखन रोज दोन वेळा त्या धुराने फेडत होता. त्याला कसं सांगायचं की बापाला मच्छराने नेलं आणि मायला तू? म्हातारीचं काय, राहिलेत ते दिवस निघतील. असा विचार करून त्या गप्प राहिल्या. पोरीच्या नाकावरचा पदर तेवढा घट्ट धरायच्या.

चंदाने एकदा विचारलं, "आत्याबाई, डॉक्टर अजून काई बोलली का? तुमी आल्यापासून गुमसुम हाये."

"काय बोलते. भाकरीले मीठ कमी खा म्हने."

"भाकरीत मीठ असतेच कुठं?"

"म्हनूनच तं," रुख्मिणीबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. हसता हसता त्यांना उबळ आली आणि चंदा त्यांची पाठ चोळत बसली.

भाग्याचा एक खेळ होता. सकाळी उंबऱ्यावर उभं राहायचं, फ्रॉकवर आजीचा टॉवेल कमरेला खोचायचा आणि हाळी द्यायची. ती आजीनेच तिला शिकवली होती, पोट आत ओढून, मान वर करून. ऑटोत बसायला आलेल्या बाया तिची हाळी झाल्याशिवाय बसायच्या नाहीत. "आमची नवी रुक्कमा" म्हणायच्या. लखनला त्याचं कोण कौतुक. तो हॉर्न देऊन तिला साथ द्यायचा.

त्या दिवशी बाया यायच्या होत्या. लखन सीटवर बसला होता, किल्ली नुसती लावलेली, फिरवलेली नव्हती. चंदा दाराच्या फळ्या धरून तयार. भाग्याने टॉवेल खोचला, मान वर केली.

"चला—"

आणि तिला खोकला आला. साधा नव्हे. खोल, कोरडा, आत शिट्टी वाजावी तसा. पोरगी उंबऱ्यावर वाकली, पुन्हा सरळ झाली, पुन्हा "चला" म्हणाली, आणि "वो" आलंच नाही. ती आजीकडे बघून हसली. आजी कशी हाळी तोडते तशी आपण तोडली, असं तिला वाटलं असावं.

रुख्मिणीबाईंनी तिला जवळ घेतलं आणि तिच्या पाठीला कान लावला. आत तोच आवाज होता. रात्री कूस बदलली की त्यांना स्वतःच्या छातीत ऐकू यायचा तो.

"काई नाई, थंडी हाये," लखन म्हणाला. "चंदा, फळ्या धर. मच्छर आत जाऊन राह्यले." त्याने किल्ली फिरवली. ऑटो खाकरला, गप्प झाला, खाकरला आणि धडधडू लागला.

"लखन," रुख्मिणीबाई म्हणाल्या. त्या धडधडीत त्यांनाच ते ऐकू आलं नाही. "लखन, बंद कर." त्याची पाठ त्यांच्याकडे होती. धूर उंबऱ्यापर्यंत आला. चंदाचे हात फळ्यांवर, तिलाही काही कळलं नाही.

मग रुख्मिणीबाईंनी पोरीला चंदाकडे ढकललं, उंबरा ओलांडला, पदर कमरेला खोचला, आणि उरलासुरला सगळा श्वास भरून हाळी दिली. ती गावाच्या टोकापर्यंत गेली नाही. चावडीपर्यंतही गेली नाही. फाटकी, मधेच चिरलेली ती हाळी ऑटोच्या पुढच्या काचेपर्यंत तेवढी पोचली.

लखनने किल्ली उलटी फिरवली. मायची हाळी त्याने वर्षभर ऐकली नव्हती. तो उतरला तेव्हा रुख्मिणीबाई ऑटोच्या मागच्या दांडीला धरून उभ्या होत्या, आणि त्यांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. त्याने त्यांना ओट्यावर बसवलं. तोंडात ओढायचं औषध चंदाने पळत आणून दिलं. अंगणातला धूर हळूहळू सडकेकडे सरकत गेला.

"डॉक्टरनं थंडीचा खोकला नाई म्हनला ना," लखन म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला.

"नाई."

"याच्यानं झालं?" त्याने ऑटोकडे बघितलं नाही.

"याच्यानं. अन् आता पोरीच्या छातीतही वाजते. तूही खोकलतं."

"तवाच काऊन नाई सांगतलं, माय?"

"तू बापासाठी करून राह्यला होता."

लखन खाली बसला, ओट्याच्या पायरीवर. त्याने दोन्ही हात डोक्याला लावले. रुख्मिणीबाईंनी त्याच्या केसांवर हात ठेवला. चंदा पोरीला कडेवर घेऊन कोंबड्यांच्या खुराड्याकडे गेली आणि पिलांवरची मच्छरदाणी सोडवू लागली. सडकेच्या वळणावर बायांचं बोलणं ऐकू येत होतं. त्या येतच होत्या.

"मंग मी आता काय करू?" लखन म्हणाला. आवाज त्याचाही फाटला होता.

"मले काई नाई पायजे, बापू," रुख्मिणीबाई म्हणाल्या. दोन शब्दांमध्ये त्यांना थांबावं लागत होतं, म्हणून त्या सावकाश बोलल्या. "फक्त आटो सडकेपर्यंत ढकलत ने, अन् तिथं सुरू करत जा."